नवीन जोडलेल्या पीसीचे पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही. मदरबोर्ड गेला म्हणायचा काय?

खानापूरहून तुम्ही विचारलंय: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). बटण दाबलं की पंखे फिरतात, मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ दाखवतो. आणि दुकानात बोर्डच बदला म्हणून सांगितलंय.

एवढ्यात बोर्डावर पैसे घालू नका. पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात, इतकंच. प्रोसेसरनं काम सुरू केलं की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आधी मागची केबल बघा. ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत (ते ५६००जी मध्ये असतात), त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावली तर कधीच काही दिसणार नाही. ती खाली, आडव्या असलेल्या ग्राफिक्स कार्डालाच हवी. मॉनिटरवर इनपुटही एचडीएमआयच निवडलेलं आहे ना, तेही बघा.

मग दोन वायरी. प्रोसेसरजवळ, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ८ पिनांचा सॉकेट असतो, तिथं ‘सीपीयू’ लिहिलेली ४+४ वायर लागते. ही राहून गेली की नेमकं तुमच्यासारखंच होतं. ग्राफिक्स कार्डाला ६+२ ची ‘पीसीआयई’ वायर वेगळी. दोन्ही ८ पिनांच्या असल्या तरी पिनांचा आकार वेगळा असतो. एखादी बसत नसेल तर जोर लावू नका, ती चुकीचीच आहे.

आता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय आहे ते कारण. बी४५० बोर्ड २०१८ चे आणि ५६०० आला २०२२ मध्ये. बोर्ड दुकानात पडून राहिलेला असेल तर त्यातला जुना बायोस (पीसी सुरू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्राम) या प्रोसेसरला ओळखतच नाही. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, तरी स्क्रीन काळी. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असा स्टिकर आहे काय बघा. नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. ५६०० साठी कमीत कमी कोणती बायोस आवृत्ती लागते ते तिथं दिलेलं असतं.

बोर्डाच्या मागं बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर चालू न होताच बायोस बदलायचं) बटण असेल तर काम घरीच होतं: ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, खूण केलेल्या यूएसबीत लावा, पीसी बंद ठेवून बटण दाबा. लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मध्येच करंट गेला तर बायोस अर्धवट राहतो, म्हणून यूपीएस लावूनच करा. खानापूरच्या पावसात तर त्याशिवाय नकोच. बटण नसेल (बऱ्याच स्वस्त बी४५० ना नसतं) तर रायझन २००० किंवा ३००० मालिकेतला प्रोसेसर तात्पुरता घालून अपडेट करावं लागतं. बेळगावात दुरुस्तीच्या दुकानात आधी फोनवर विचारा, तसा प्रोसेसर आहे काय म्हणून. नाहीतर फेरी फुकट जाते.

बायोस बरोबर निघाला तर बोर्डावरचे ‘सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट’ हे चार बारीक लाइट बघा, असले तर. ज्यावर अडकतो तिथं बिघाड. डीरॅमवर (म्हणजे रॅमवर) अडकला तर एकच रॅम ठेवा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्यात. दोन्ही टोकं दाबून नीट बसवा, ‘खट्’ आवाज आला पाहिजे. मग दुसरी रॅम तशीच तपासा. नव्या रॅमला खोडरबर घासायची गरज नाही. व्हीजीएवर (म्हणजे ग्राफिक्सवर) अडकला तर कार्ड काढून परत पूर्ण आत बसवा आणि मॉनिटरची केबलही बदलून बघा.

तरीही नाही? प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ गोल सेल काढून पाच मिनिटं ठेवा आणि परत लावा. मग बोर्ड कॅबिनेटबाहेर घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि कार्ड एवढंच जोडा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना क्षणभर स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू करा. बाहेर चाललं तर कॅबिनेटमधला एखादा जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) बोर्डाला खालून टेकत असेल.

कूलर काढायची वेळ आली तर सरळ ओढू नका. एएम४ मध्ये (तुमच्या प्रोसेसरचा सॉकेट) पिना प्रोसेसरलाच असतात आणि कूलरखालच्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. हलकं डावी-उजवीकडं फिरवून सोडवा, वाकलेली पिन आहे काय बघा.

यानंतरही काळंच असेल तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही दुकानात न्या आणि दुसऱ्या प्रोसेसरवर तुमच्यासमोर बोर्ड चालवून दाखवायला सांगा. वॉरंटीसाठी बिल आणि बोर्डाचं खोकं सोबत असू द्या.