मेसेज कुठल्या रस्त्याने गेला, ते आधी बघा

या महिन्यात मेसेजबद्दलची पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घ्यावे लागणार. कुणाचे पैसे कापले गेले, कुणाला मेसेज पोचतच नाहीत, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपलंच काहीतरी चुकलं. तुमचं काही चुकलेलं नाही. पाच पत्रं निवडलीत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी मिरजेला असते, माझा फोन अँड्रॉइड आहे. लेक न्यू जर्सीत, तिच्याकडे आणि जावयांकडे आयफोन. तिने घरच्यांचा ग्रुप केलाय पण तो व्हॉट्सॲपवर नाही, साध्या मेसेजमध्ये. नातवाचा व्हिडिओ येतो तो इतका धुरकट की चेहरा कळत नाही. परवा मी "जेवला का गं तो" एवढंच विचारलं तर बॅलन्समधून ५ रुपये गेले. पॅकमध्ये रोज १०० एसएमएस फुकट आहेत ना? लेक म्हणते, आई तुला पाठवलेलं सगळं हिरवं जातं. हिरवं म्हणजे काय?

उत्तर : काकू, आधी ५ रुपयांचं सांगते. ते १०० एसएमएस फक्त देशातल्या नंबरांसाठी असतात, परदेशातल्या नंबरला एसएमएस गेला की तो पॅकच्या बाहेरचा, त्याचे पैसे मेन बॅलन्समधून जातात. बरं, देशातसुद्धा दिवसाचे १०० संपले की पुढचे फुकट नसतात, बऱ्याच पॅकमध्ये मग लोकल एसएमएसला १ रुपया आणि बाहेरच्या राज्यातल्याला दीड रुपया असा दर लागतो.

आता हिरवं. आयफोनमध्ये मेसेजचं जे ॲप असतं ना, त्यात दोन वेगवेगळे रस्ते आहेत पण दिसायला ॲप एकच. समोरही आयफोन असेल तर मेसेज ॲपलच्या स्वतःच्या सर्व्हरवरून इंटरनेटने जातो, त्याला आयमेसेज म्हणतात, २०११ मध्ये सुरू झाला, आणि पाठवणाऱ्याला तो निळ्या चौकटीत दिसतो. समोर अँड्रॉइड असला की तो रस्ता बंद, मग तोच मेसेज मोबाईल कंपनीच्या रस्त्याने साधा एसएमएस होऊन जातो आणि चौकट हिरवी होते. फोटो-व्हिडिओ असेल तर एमएमएस होतो, आणि एमएमएसमधून मोठी फाईल जातच नाही म्हणून ती दाबून दाबून एवढीशी केली जाते. नातवाचा चेहरा धुरकट होतो तो तिथे. तुमचा फोन स्वस्तातला आहे म्हणून नाही, हे लेकीलाही सांगा.

अमेरिकेत लोक अजून साध्या मेसेजमध्ये का बोलतात हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. तिकडे बिलाच्या प्लॅनमध्येच अमर्याद टेक्स्ट यायला लागले, त्यामुळे दुसरं ॲप शोधायची कुणाला गरजच पडली नाही. आपल्याकडे उलटं झालं. आठवतंय का, दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला एसएमएस पॅक चालायचा नाही, प्रत्येक शुभेच्छेचे पैसे पडायचे? सप्टेंबर २०११ मध्ये तर नको असलेले जाहिरातींचे मेसेज रोखायला म्हणून ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली, त्यात आपल्यासारखी साधी माणसंही अडकली. तेवढ्यात व्हॉट्सॲप हाताशी होतं आणि त्याला समोरचा फोन कुठल्या कंपनीचा याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून आपण सगळे तिकडे गेलो.

२०२२ मध्ये एका कार्यक्रमात कुणीतरी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना विचारलं होतं की माझ्या आईला माझे व्हिडिओ नीट दिसत नाहीत, तर त्यांचं उत्तर होतं, आईला आयफोन घेऊन द्या. मला ते तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं. आईने लेकराचा व्हिडिओ बघायचा तर फोन बदलायचा, हे कुठलं उत्तर झालं? सुदैवाने पुढे थोडं हललं, सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन ज्यावर चालतो ते आयओएस १८ आलं आणि त्यात आयफोनने आरसीएस घेतलं. आरसीएस म्हणजे एसएमएसची पुढची पायरी, इंटरनेटने जातं, फोटो बरे जातात, समोरचा टाईप करतोय तेही दिसतं. चौकट मात्र हिरवीच राहते. आणि ते आयफोनवर चालायला त्या आयफोनच्या मोबाईल कंपनीची साथ लागते, ती नसली की गाडी परत एसएमएसवर.

आता तुम्ही करायचं काय. तुमच्या मेसेज ॲपमध्ये टाईप करायच्या जागी फिकट अक्षरात काय लिहिलंय ते पाठवण्याआधी बघायची सवय लावा, आरसीएस लिहिलं असेल तर डेटावरून जाणार, एसएमएस किंवा टेक्स्ट मेसेज लिहिलं असेल तर परदेशाचे पैसे पडणार. सेटिंगमध्ये आरसीएस चॅट्समध्ये जा, तिथे आपोआप एसएमएस करून परत पाठवा अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद करा, म्हणजे आरसीएस अडकलं तरी न विचारता एसएमएस जाणार नाही. पण खरं सांगू का, लेकीला सांगा की घरचा ग्रुप व्हॉट्सॲपवर कर आणि त्याचे नोटिफिकेशन चालू ठेव. ती म्हणेल इथे कुणी व्हॉट्सॲप बघत नाही. तिने बघावं. आईसाठी एक ॲप उघडणं फार नाही.

प्रश्न : ताई, मी पुण्यात शिकतो, सेकंडहँड आयफोन घेतला. सिम टाकलं आणि काहीच न करता एक एसएमएस गेला, तोही इंग्लंडच्या नंबरला, पैसे कापले. फोन हॅक झालाय का?

उत्तर : नाही रे, घाबरू नकोस. नवीन सिम टाकलं की आयफोन हा नंबर खरंच तुझाच आहे का हे तपासायला स्वतःहून एक एसएमएस पाठवतो, तो परदेशातल्या नंबरला जातो आणि तुझ्या मेसेजच्या यादीत दिसत नाही. स्क्रीनवर कंपनी पैसे आकारू शकते अशी सूचना येते पण नव्या फोनच्या गडबडीत आपण ओके दाबून मोकळे होतो. बॅलन्स शून्य असला तर ॲक्टिव्हेशनची वाट बघतोय असं दाखवत आयमेसेज तसंच लटकतं, त्याला २४ तासही लागू शकतात. तुझ्या मित्रांत आयफोनवाले नसतील तर सेटिंगमधून आयमेसेज आणि फेसटाईम (ॲपलचे व्हिडिओ कॉल) दोन्ही बंद करून टाक.

प्रश्न : मडगावहून लिहितोय. आयफोन विकून अँड्रॉइड घेतला, सिम तेच. बहीण म्हणते मेसेज पाठवले, तिच्या आयफोनवर डिलिव्हर्ड दाखवतंय, मला एकही नाही.

उत्तर : तुमचा नंबर ॲपलकडे अजून आयमेसेजचा म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे बहिणीचा फोन निळ्या रस्त्यानेच पाठवत राहतो. विकण्याआधी आयमेसेज बंद केलं असतं तर हे झालं नसतं. आता फोन हातात नाही, तर ॲपलच्या वेबसाईटवर आयमेसेजमधून नंबर काढायचं पान आहे तिथे जा, देश भारत निवडून नंबर टाका, एसएमएसने सहा आकडी कोड येईल तो भरा. झालं. मधल्या काळातले मेसेज मात्र बहिणीला परत पाठवायला सांगा.

प्रश्न : बाबा जत तालुक्यात असतात, बटणांचा फोन आहे. इंटरनेट लागत नाही तरी दुकानदार डेटाचाच पॅक मारतो. आणि मी मराठीत मेसेज केला की त्यांना नुसते चौकोन दिसतात.

उत्तर : डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केलाय की प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक पॅक ठेवायलाच हवा, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत देता येते. दुकानदाराकडे तोच पॅक मागा म्हणून बाबांना सांगा, नाहीतर तुम्हीच इकडून रिचार्ज करा. एवढंच बघा की अशा पॅकमध्ये एसएमएस बहुतेक रोजचे १०० नसतात, पूर्ण मुदतीचे मिळून मोजून दिलेले असतात. बाबांना तेवढे पुरतील, ओटीपी आणि बँकेचे येणारे मेसेज त्यात धरत नाहीत. कंपनी बदलायची झाली तर १९०० ला करायचा पोर्टचा एसएमएस कुठल्याही पॅकवरून जायला हवा, डिसेंबर २०२१ पासून तसा आदेश आहे, त्यासाठी महागाचं रिचार्ज करा म्हटलं तर ऐकू नका. चौकोनांचं म्हणाल तर त्या फोनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. पुढचा फोन घेताना दुकानातच मराठी मेसेज पाठवून बघा, बाबांना आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे.

प्रश्न : बार्शीतल्या एका पतसंस्थेचं काम बघतो, १४०० सभासद आहेत, कुणाकडे आयफोन, कुणाकडे अँड्रॉइड, बरेच जण बटणांच्या फोनवाले, म्हणून सभेची आठवण आम्ही बल्क एसएमएसने देतो. बिल ४२०० मेसेजचं आलं. एजन्सी म्हणते मराठी सोडा, इंग्रजीत पाठवा. सोबत मजकूर जोडलाय : "सर्व सभासदांना कळविण्यात येते की संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी १० वाजता संस्थेच्या सभागृहात होईल. सर्वांनी उपस्थित राहावे."

उत्तर : एजन्सीने तुम्हाला फसवलेलं नाही, पण सल्ला मात्र चुकीचा दिलाय. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात, देवनागरीला प्रत्येकी १६ लागतात म्हणून ७०. वर आणखी एक, मजकूर ७० च्या पुढे गेला की तुकडे जोडायची खूण प्रत्येक तुकड्यात घालावी लागते, मग एकेका तुकड्यात ६७ च उरतात. आणि आपली काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "सर्व" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, मोजणीत ती चार आहेत.

मी तुमचा मजकूर कागदावर एकेक खूण मांडून मोजला, स्पेस आणि पूर्णविराम धरून १३८ भरला. दोन तुकड्यांत १३४ मावतात. म्हणजे फक्त ४ खुणांसाठी तिसरा तुकडा पडला आणि १४०० जणांचे ४२०० मेसेज झाले! नुसतं शेवटचं "सर्वांनी उपस्थित राहावे" काढलं असतं तरी १४०० वाचले असते.

पण त्याहून बरं करता येईल. हे बघा : "वार्षिक सभा रविवारी सकाळी १० वाजता, सभागृहात. जरूर या." हे ५४ भरतं. एकाच मेसेजमध्ये बसतं आणि संस्थेचं छोटं नाव घालायला १६ शिल्लक राहतात. सभेची रीतसर नोटीस तुम्ही वेगळी काढताच, ही नुसती आठवण आहे, तिला "कळविण्यात येते की" कशाला हवं? गावातली म्हातारी माणसं "जरूर या" वाचून जास्त येतील असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीत पाठवून तुमच्या किती सभासदांना कळेल ते तुम्हीच बघा, आणि त्यात एखादा इमोजी पडला तरी अख्खा मेसेज १६० वरून ७० वर येतोच. फक्त एक लक्षात ठेवा, मजकूर बदलला की डीएलटीवर, म्हणजे बल्क एसएमएसचे मजकूर आधी नोंदवायच्या यंत्रणेत, टेम्प्लेट (मजकुराचा नमुना) नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं, नाहीतर मेसेज मधेच अडतो. सभेच्या आदल्या दिवशी धावपळ नको, आजच टाकून द्या.