पीसी मधेच अडकतो, हार्ड डिस्कचा लाल दिवा पेटलेलाच राहतो, मदरबोर्ड गेलाय का?

तुम्ही लिहिलंय की माऊस हलतो पण क्लिक लागत नाही, मिनिटभर लाल दिवा तसाच राहतो, मग सगळं एकदम धडाधड उघडतं, आणि नाशिकच्या सिडकोतला दुकानवाला म्हणतोय फॉरमॅट मारू, नाहीतर बोर्ड गेला. मला तरी बोर्ड वाटत नाही. बोर्ड किंवा रॅमचा लोचा असला की बहुतेक वेळा मशीन अडकतं ते अडकतंच, नाहीतर निळी स्क्रीन येते, नाहीतर आपोआप रिस्टार्ट होतं. इथे थांबून परत चालू होतंय म्हणजे विंडोज डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसतंय.

फॉरमॅट आत्ता अजिबात नको. चेकडिस्कचा (विंडोजमधली डिस्क तपासणी) पूर्ण स्कॅन पण नको, कारण तो एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कचा एकेक छोटा कप्पा, वाचायला जातो आणि डिस्क मरणाला टेकली असेल तर त्यातच जाते. आधी फोटो, टॅलीचा डेटा, जे काही असेल ते बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम आहे, फुकट आहे. वर निळ्यात ‘गुड’ दिसलं म्हणून खूश होऊ नका, खालच्या यादीत ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळी शोधा. शेवटच्या रकान्यातला आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबात असतो, १० दिसलं तर ते सोळा. ०५ म्हणजे खराब सेक्टर काढून त्यांच्या जागी राखीव लावलेत, सी५ म्हणजे वाचता न येणारे, ज्यांचा निकाल अजून लागायचाय, सी६ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. सी५ वाढत चालला असेल तर डिस्क बदलायची, त्यावर रिपेअर वगैरे काही नसतं, कोणी सांगितलं तरी पैसे देऊ नका.

पण सी७ (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढत असेल तर बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते आणि घोळ साटा केबलचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या केबलचा निघतो. माझ्या सातपूरच्या ऑफिसातल्या पीसीला हेच होतं, केबलची क्लिप तुटलेली आणि कॅबिनेटचं झाकण लावलं की ते कनेक्टरला दाबून वाकडं करायचं, म्हणून झाकण उघडून चेक केलं की पीसी मस्त चालायचा! केबल शंभर-दीडशेत मिळते, एमजी रोडला गेलात तर क्लिपवालीच मागा. सी७ चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही हां, तो लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का तेवढं बघा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची स्वतःची नोंदवही) सिस्टिमच्या नोंदीत पीसी अडकला त्याच वेळेला ७, १२९ किंवा १५३ नंबर दिसतोय का तेही बघा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून रिसेट केली, १५३ म्हणजे तीच विनंती परत पाठवावी लागली. ४१ दिसला तर घाबरू नका, तुम्ही वैतागून बटण दाबून बंद केलं की तो येतोच.

विंडोज एसएसडीवर आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर असेल तर पीसी बंद करून ती दुसरी डिस्क काढा आणि दोन दिवस वापरून बघा. अडकायचं थांबलं तर गुन्हेगार तीच किंवा तिची केबल. एवढं करून सगळं स्वच्छ निघालं तर मग रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बघायचं, त्याआधी नाही.

आणि डिस्क वॉरंटीत असेल तर सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर चेक करा, पण डेटा काढल्याशिवाय जमा करू नका, बदलून येते ती दुसरीच डिस्क असते.