सासूबाईंची अर्धवट राहिलेली मालिका

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आहेत आणि दुपारी एबीसीवर ‘जनरल हॉस्पिटल’ बघायचा त्यांना नाद लागलाय. परवा मध्येच ताज्या बातम्या सुरू झाल्या आणि भाग अर्धाच राहिला. मुलगा म्हणतो, टोरंटवरून काढून देतो. आमच्या ह्यांना भीती, की आईच्या व्हिसावर काही येईल. त्या परत गेल्यावर मी रोजचा भाग रेकॉर्ड करून पाठवला तर चालेल का?

उत्तर : व्हिसाची धास्ती आधी सोडा. विनापरवाना टाकलेला एखादा भाग कुणी घरात बसून नुसता पाहिला, तर त्या प्रेक्षकावर अमेरिकेत फौजदारी खटला होत नाही. २०२० च्या शेवटी तिथे बेकायदा स्ट्रीमिंगविरुद्ध कडक कायदा झाला, पण तो अशा सेवा चालवून पैसे कमावणाऱ्यांसाठी आहे.

टोरंटला मात्र चिरंजीवांना हात लावू देऊ नका. टोरंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइल उतरवून घेण्याची पद्धत; तिथे फाइल उतरत असतानाच तुमचा संगणक तिचे तुकडे इतरांना पुरवतो. मग ते बघणं उरत नाही; प्रत काढणं आणि वाटणं, दोन्ही होतं. नोटीस येते ती इंटरनेटचं कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे बहुधा तुमच्या ह्यांनाच. दावा झालाच तर न्यायालय एका कलाकृतीमागे साधारण ७५० ते ३०,००० डॉलर भरपाई ठरवू शकतं. जाणूनबुजून केलेलं असेल तर १,५०,००० पर्यंत. अर्ध्या भागासाठी एवढी जोखीम कशाला?

सरळ मार्ग स्वस्त आहे. ‘जनरल हॉस्पिटल’चा भाग दुसऱ्या दिवशी हुलू या पैसे भरून बघायच्या स्ट्रीमिंग सेवेवर येतो. एका महिन्याचे पैसे भरा आणि आजच बघून घ्या, कारण जुने भाग तिथे किती दिवस राहतील याचा भरवसा नसतो. घरी केबल असेल तर तिचा ऑन-डिमांड, म्हणजे हवा तेव्हा भाग लावता येणारा, विभाग आधी चाळा, कदाचित वेगळे पैसे पडणारच नाहीत.

पुढच्यासाठी मी अँटेना सुचवेन. एबीसी हे फुकट प्रक्षेपण आहे, न्यूयॉर्क परिसरात सात नंबरला. अँटेनाला रेकॉर्डर जोडा, भाग साठवा, सासूबाई झोपून उठल्या की लावा. हे कायदेशीर आहे का, हा वाद सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवरून थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : फुकट प्रसारित होणारा कार्यक्रम घरी नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं हा रास्त वापर आहे, म्हणजे त्याला मालकाची परवानगी लागत नाही. एका मताने वाचलेली सोय आहे ही!

पण तो निकाल स्वतः नंतर बघण्यापुरता आहे. तुम्ही एडिसनला रेकॉर्ड करायचं आणि पुण्याला पाठवायचं, हे त्यात बसत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ सुद्धा प्रसारणाचं खासगी रेकॉर्डिंग करू देतं ते, जो रेकॉर्ड करतो त्याच्याच वापरासाठी. सासूबाईंना रोज एक भाग धाडला म्हणून तुमच्यावर कुणी दावा लावेल असं मला वाटत नाही. तरी वकील म्हणून ‘चालेल’ असं लिहून देणार नाही.

तुमचं हुलूचं खातं व्हीपीएन लावून, म्हणजे आपण अमेरिकेतच आहोत असं इंटरनेटवर भासवून, त्यांनी पुण्यात वापरणं हा वेगळा प्रकार. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही. पण तुमचं हुलूचं खातं फक्त अमेरिकेत वापरण्यासाठी आणि एका घरापुरतं असतं, त्यामुळे तुमच्याकडून कराराचा भंग होतो. ते तुमचं खातं बंद करू शकतात. पोलीस दारात येण्याचं हे प्रकरण नव्हे.

त्या जायच्या आधी साठलेले भाग तुमच्याच दिवाणखान्यात संपवा. पुढचं कथानक रविवारच्या फोनवर सांगत जा, त्याला दोन्ही देशांत परवानगी लागत नाही.