फी किती, परत किती, आणि कळणार कोणाला?

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा. काही महिन्यांपासून शाळा बुडवतो, रात्री जागतो, जेवायला खाली येत नाही. जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, सायकॉलॉजिस्टकडे न्यायला सांगितलं आहे. त्यांना विचारायचंय की खर्च किती येईल, मुलगा आत काय बोलतो ते आम्हाला कळेल का, आणि मराठी मंडळात बभ्रा होणार नाही ना?

आधी पैशाचं. जीपींकडून ‘मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन’ (मानसिक उपचारांचा लेखी आराखडा) आणि रेफरल, म्हणजे सायकॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी, घ्या. त्यावर मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, एका कॅलेंडर वर्षात दहा सेशनपर्यंत रिबेट (फीचा काही भाग परत) देतं. एका रेफरलवर जास्तीत जास्त सहा सेशन, मग पुन्हा जीपींकडे. साध्या अपॉइंटमेंटमध्ये प्लॅन उरकत नाही, म्हणून वेळ ठरवतानाच लाँग कन्सल्टेशन मागून घ्या.

पन्नास मिनिटांच्या सेशनला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर सुमारे 145 डॉलर परत मिळतात, इतर नोंदणीकृत सायकॉलॉजिस्ट असेल तर सुमारे 99. फी मात्र ज्याची त्याने ठरवलेली असते. 250 घेणाऱ्या क्लिनिकलकडे खिशातून 105 जातील आणि 200 घेणाऱ्या दुसऱ्याकडे 101, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. तेव्हा रिसेप्शनला फी नको, गॅप, म्हणजे रिबेट वजा जाता खिशातून जाणारी रक्कम, किती ते विचारा. बल्क बिल करतात का, म्हणजे फक्त मेडिकेअरच्या पैशांवर भागवतात का, हेही विचारायला लाजू नका. आयत्या वेळी रद्द केलेल्या सेशनचे पैसे बहुतेक ठिकाणी घेतात आणि त्यावर मेडिकेअर काहीच देत नाही. सोळा वर्षांचा मुलगा दारातून मागे फिरू शकतो, हे गृहीत धरूनच नियम वाचा.

प्रायव्हेट इन्शुरन्सचं एक्स्ट्राज कव्हर (हॉस्पिटलबाहेरच्या सेवांसाठीचा विमा) असलं तरी एकाच सेशनवर त्यातून आणि मेडिकेअरकडून असे दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. दहा सेशन संपली की ते उपयोगी पडतं. मेडिकेअर सेफ्टी नेटसाठी (वर्षाचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जास्त पैसे परत) कुटुंब म्हणून नोंदणी करून टाका, सगळ्यांचा खर्च एकत्र मोजला जातो. आणि हेडस्पेस ही मानसिक आरोग्याची केंद्रं विसरू नका: 12 ते 25 वयाच्या मुलांसाठी, मोफत किंवा अगदी कमी खर्चात. रांग मोठी असू शकते.

मराठीत मोकळं बोलता येईल म्हणून पुण्यातल्या कोणाशी व्हिडिओवर बोलायचं, असं बरीच कुटुंबं करतात. जरूर करा, पण त्यावर रिबेट नाही. मेडिकेअरला सायकॉलॉजिस्ट आणि पेशंट दोघंही ऑस्ट्रेलियात असावे लागतात. ज्यांच्याकडे मेडिकेअरच नाही, म्हणजे 482 या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आलेली बरीच मंडळी, त्यांनी नोकरीच्या ठिकाणी ईएपी (कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली समुपदेशन सेवा) आहे का ते बघावं. तिथली काही सेशन मोफत असतात, अनेकदा घरच्यांसाठीही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला वाटतं, पत्र खरं त्यासाठीच आहे. उत्तर असं की, नाही कळणार, आणि कळू नये. सोळाव्या वर्षी मुलगा स्वतःच्या उपचाराबद्दल समजून निर्णय घेऊ शकतो, असं सायकॉलॉजिस्ट बहुतेक वेळा मानतात. मग त्याच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला तपशील सांगणार नाहीत, पैसे तुम्ही भरत असलात तरी. चौदा पूर्ण झाले की मुलाचा मेडिकेअरचा तपशीलही आई-वडिलांच्या खात्यात दिसत नाही. त्याच्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाला गंभीर धोका वाटला, मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, किंवा कोर्टाने कागद मागवले, तर मात्र त्यांना बोलावं लागतं. जीपींनाही अहवाल जातो, पण त्यात प्रगती आणि पुढची दिशा असते, संवाद नसतो. पहिल्याच सेशनला तिघांनी बसून ठरवून घ्या की आई-बाबांना काय सांगायचं आणि काय नाही. गाडीत बसल्या बसल्या ‘काय काय विचारलं रे?’ हे तेवढं टाळा. आपल्याकडे मुलाची खोली म्हणजे घराचाच भाग, दार लोटून आत जायचं ही सवय. इथे ती आवरावी लागेल.

राहिलं मंडळ. तुमचे जीपी गणपतीला आरतीला उभे असतात, म्हणून दुसरीकडून प्लॅन करून घ्यावा असं मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. नोव्हेंबर 2025 पासून प्लॅन नेहमीच्या जीपीकडून किंवा मायमेडिकेअर या योजनेत पेशंटची जिथे नोंद आहे त्या प्रॅक्टिसमधूनच (दवाखान्यातूनच) करावा लागतो, त्यामुळे अनोळखी क्लिनिकमध्ये जाऊन काम भागेलच असं नाही. त्याच प्रॅक्टिसमधले दुसरे डॉक्टर चालतात. पण तुमचे जीपीही गोपनीयतेने बांधलेले आहेत. बाहेर बोलले तर आह्प्राकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या संस्थेकडे, तक्रार होऊ शकते, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला तरी मंडळात बातमी फुटलीच तर ती क्लिनिकमधून फुटेल असं वाटत नाही. एखाद्या मैत्रिणीला ‘फक्त तुलाच सांगते’ म्हणून केलेल्या फोनचा धोका जास्त. त्यामुळे कोणाला सांगायचं ते आधी मुलाला विचारा. आजी-आजोबांना सांगायचं की नाही, हेसुद्धा.