ह्वाब्यंग: कोरियात पन्नाशीच्या बायकांना आणि पुरुषांना रागाचा त्रास वेगळा का होतो?

तुम्ही विचारलंय, की कोरियातला 'ह्वाब्यंग' मध्यमवयीन बायकांमध्येच जास्त का दिसतो, तिथल्या पुरुषांना राग येत नाही का. येतो की! पण तो बाहेर पडायच्या वाटा वेगळ्या आहेत.

'ह्वा' म्हणजे आग, 'ब्यंग' म्हणजे आजार. अन्याय झाला, दाद मागता आली नाही आणि वर्षानुवर्षं राग गिळला, की छाती कोंडते, तोंडावर गरम वाफा येतात, घशात किंवा पोटाच्या वरच्या बाजूला गोळा अडकल्यासारखं होतं, झोप उडते. बाई ऐन थंडीत खिडकी उघडते, बोलता बोलता मुठीनं छाती बडवते. पारंपरिक कोरियन वैद्य दोन स्तनाग्रांच्या मधोमध, छातीच्या हाडावर बोट दाबून बघतात. हलका दाबही सोसवला नाही, तर ती खूण धरतात.

नव्या सुनेनं तीन वर्षं आंधळं, तीन वर्षं बहिरं, तीन वर्षं मुकं राहावं, अशी तिकडची जुनी म्हण आहे. मुख्यतः पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी 'होजू' नोंद २००८ मध्ये बंद झाली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी बायकांचा संसार त्याआधीच सुरू झालेला. सासू-नवऱ्यापुढे ब्र काढायची सोय नव्हती, मग बोललं ते शरीर.

पुरुषाचा राग बहुधा साहेबावरचा, बुडालेल्या धंद्यावरचा, १९९७ च्या आर्थिक संकटात गेलेल्या नोकरीवरचा. तो दारूत किंवा घरच्यांवर निघतो. डॉक्टरांकडे पुरुष रक्तदाब नाहीतर पोट दाखवायला जातो, त्यामुळे ह्वाब्यंगच्या आकड्यात फारसा येत नाही. म्हणून पुरुषांचं बरं चाललंय असं मुळीच समजू नका. कोरियात पुरुषांच्या आत्महत्यांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त आहे.

ह्वाब्यंगचं निदान रजोनिवृत्तीशी गल्लत होऊन चुकू शकतं. रजोनिवृत्तीच्या वाफा काही मिनिटांत ओसरतात, झोपेतही येतात. ह्वाब्यंगची आग बहुतेकदा ती जुनी गोष्ट निघाली की भडकते, सोबत छाती दाटते. पन्नाशीत दोन्ही एकत्र असू शकतं. पण छातीचं दुखणं रागावर ढकलण्याआधी ईसीजी काढा, थायरॉईड तपासा. नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्यांवर वर्षं काढणं ही नेहमीची चूक. समुपदेशन आणि गरजेप्रमाणे नैराश्यावरची औषधं यांचा उपयोग होतो. पुरुषाला मात्र 'उदास वाटतं का' विचारलंत तर तो नाहीच म्हणेल. झोप किती लागते, आठवड्यातून किती दिवस पितोस, घरात आवाज किती वेळा चढतो, हे विचारा.