विचारा बिनधास्त : 1964 चं 'रनर-अप' आणि आशियाई फुटबॉलचे जुने दिवस

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर फिरतंय की 1964 मध्ये भारत एशिया कपच्या फायनलमध्ये इस्रायलकडून हरला. आपण खरंच एवढे भारी होतो का?
– एक वाचक, मिरज

भारी होतो, पण मेसेज अर्धवट आहे. त्या वर्षी फायनल झालीच नव्हती. इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग अशा चारच टीम, सगळ्यांनी एकमेकांशी खेळायचं, ज्याचे पॉइंट जास्त तो चॅम्पियन. आपण कोरियाला 2-0 हरवलं, इस्रायलकडून 0-2 हरलो, मग हाँगकाँगला 3-1, त्यामुळे दुसरा नंबर. कॅप्टन होता चुनी गोस्वामी. कोरियाबरोबरची मॅच 27 मेला झाली, म्हणजे नेहरू गेले त्याच दिवशी.

आता आपण तिथे पोचलो कसे तेही ऐका. स्पर्धा इस्रायलमध्ये, आणि इस्रायलशी खेळायचं नाही म्हणून बऱ्याच देशांनी पाठ फिरवली. आपल्या गटातल्या बाकी सगळ्यांनी नावं मागे घेतली आणि आपण एकही क्वालिफायर न खेळता थेट आत. म्हणून मी तरी या दुसऱ्या नंबरचा फार गाजावाजा करणार नाही, अर्थात कोरियाला हरवलं ते काही फुकटात मिळालं नव्हतं, कारण 1956 आणि 1960 चे पहिले दोन्ही एशिया कप त्यांनीच जिंकले होते.

प्रश्न : मग आशियातल्या देशांची पहिली फुटबॉल स्पर्धा कुठली? एशिया कपच ना?
– एक वाचक, नाशिक

नाही हो, त्याच्या खूप आधीपासून चाललंय हे सगळं. 1913 मध्ये मनिलात फार ईस्टर्न गेम्स, म्हणजे पूर्व आशियातल्या देशांच्या क्रीडास्पर्धा, झाले, तिथे फिलिपिन्सने चीनला हरवलं. पण त्यानंतर 1934 पर्यंत चीनच चीन! त्यांच्या टीममध्ये हाँगकाँगच्या क्लबमधले प्लेअर भरपूर असायचे. जपान त्या काळात अगदीच लिंबूटिंबू, 1917 मध्ये तोक्योत स्वतःच्या घरी फिलिपिन्सकडून 2-15 असा मार खाल्ला, आजचा जपान बघून कुणाला पटेल का? पण सुधारले पठ्ठे, 1930 मध्ये चीनशी 3-3 ड्रॉ करून विजेतेपद वाटून घेतलं. या फुटबॉलमध्ये भारत कधी नव्हताच.

आपली एंट्री 1951 ची, दिल्लीतल्या पहिल्या एशियन गेम्समध्ये. फायनलला इराण, मेवालालचा एकच गोल आणि गोल्ड. शिवाय 1952 ते 55 भारत, पाकिस्तान, बर्मा आणि सिलोन यांची चौरंगी स्पर्धा व्हायची, ती चारही वर्षं आपल्याकडेच, फक्त पहिल्या वर्षी पाकिस्तानबरोबर वाटून घ्यावी लागली. ही स्पर्धा आज कुणाच्या लक्षातही नाही.

प्रश्न : 1951 मोठं की 1962?
– एक वाचक, कोल्हापूर

1962, डोळे झाकून. जकार्ता एशियन गेम्सला इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊच दिलं नाही, त्यावर एशियन गेम्स फेडरेशनमधले आपले पदाधिकारी सोंधी म्हणाले की मग याला एशियन गेम्स म्हणू नका, झालं, सगळं शहर भारतावर खवळलं, जमावाने आपल्या दूतावासावर हल्ला केला. अशा वातावरणात भरगच्च स्टेडियममध्ये फायनल, आपल्या प्लेअरकडे बॉल आला की हुर्यो. समोर कोरिया, ज्यांनी पहिल्याच मॅचमध्ये आपल्याला 2-0 ने लोळवलं होतं. त्यात थायलंडविरुद्ध जरनैल सिंगचं डोकं फुटून टाके पडलेले, डिफेन्समध्ये सारखं हेडिंग करणं परवडणार नाही म्हणून कोच रहीमसाहेबांनी त्याला सरळ फॉरवर्डला खेळवलं! सेमीफायनलमध्ये त्याने गोल मारला आणि फायनलमध्येही. एक पी. के. बॅनर्जीचा, एक याचा, 2-1 ने गोल्ड. बरं, असं जिगरबाज डोकं चालवणारे रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले. एशियन गेम्सचं फुटबॉल गोल्ड त्यानंतर आजपर्यंत आपल्याला मिळालेलं नाही.

प्रश्न : या टीममध्ये आपल्याकडचं कुणीच नव्हतं का? सगळे बंगाल आणि हैदराबादचेच?
– एक वाचक, ठाणे

बहुतेक तेच, पण अगदीच 'कुणी नाही' असं नाही. जकार्ताच्या गोल्डवाल्या टीममध्ये फोर्तुनातो फ्रँको होता, जन्म गोव्यातल्या कोलवाळचा आणि खेळायचा मुंबईच्या टाटांकडून. त्याच्या आधी नेव्हिल डिसोझा, हाही गोव्याचा, मुंबईत खेळणारा. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक मारली आणि आपण 4-2 ने जिंकून सेमीफायनलला गेलो, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक मारणारा तो पहिला आशियाई. ठाण्यातल्या पोरांना विचारा, नाव सांगता येतंय का.