जळगावसारख्या ठिकाणी राहून विज्ञानकथेसाठी कल्पना कुठून आणायच्या, आणि लिहिण्याची उमेद कशी टिकवायची?

कल्पना अंतराळात शोधू नका. जवळचं एक खरं घ्या आणि त्यातला एकच नियम बदला. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा. आता समजा, तो मठ कधी बंदच पडला नाही. मग वहीत तीन प्रश्न लिहा: कोणाचं फावलं, कोणाचं बिघडलं, आणि तिथल्या बाईची सकाळ कशी बदलली? गोष्ट बहुधा तिसऱ्या उत्तरात सापडते. पहाटे कळण्याची भाकरी थापता थापता ती पोराकडून ग्रहणाचं गणित घोकून घेतेय, कारण चुकलं तर मठाकडून येणारं धान्य बंद.

एकदम तीन नियम बदलले की वाचकाला धरायला काही उरत नाही, आणि लिहिणाराही नकाशे नि राजवंशच काढत बसतो. उमेद आटते ती तिथेच. जगाची टिपणं एका पानात संपवा, थेट प्रसंगाला हात घाला. रोज २०० शब्द पुरेत; मे महिन्यात पहाटेच बसा. उठताना प्रसंग पुरा करू नका. पात्र दाराची कडी काढतंय तिथेच थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही.